जहाजाचा फेरफार: पुन्हा पुन्हा पकडल्या गेलेल्या स्कूनरचा माग कसा काढावा

माझी सगळी नोकरी जमिनीच्या नोंदी वाचण्यात गेली. सातबारा, आठ-अ, गाव नमुना सहा, मोडीतले जुने कागद आणि त्यावरून जुंपलेली भावकी. निवृत्त झाल्यावर मी दोनशे वर्षांपूर्वीच्या शिडाच्या जहाजांचे उतारे काढायला लागले. भाचा चेष्टा करतो, "आत्या, कोल्हापुरात रंकाळ्यातली बोट सोडली तर पाण्यावर तरंगतंय काय? तुला जहाजं कुठनं सुचली?" मी त्याला विचारते, "१८१२ पर्यंत मालवण कुणाचं होतं रे?" करवीरच्या छत्रपतींचं होतं, आरमारासकट. त्यामुळं समुद्र आपला नाही हे मला कुणी सांगू नये.

वाचनालयात भेटणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलं की हे शोधायचं कसं, म्हणून लिहून काढते. सगळ्याच जहाजांबद्दल नाही. फक्त स्कूनर, आणि तीही जी या हातातून त्या हातात गेली. अशा स्कूनरचा इतिहास बघायला गेलं की नवखा माणूस नाव धरून शोधतो आणि दुसऱ्याच पायरीला वाट चुकतो. नाव धरायचं नसतं, व्यवहार धरायचा असतो. पुढचं सगळं त्यावरच आहे.

स्कूनरच का

स्कूनर म्हणजे साधारण दोन डोलकाठ्यांचं जहाज. शिडं आडव्या काठ्यांवर टांगलेली नसतात, जहाजाच्या लांबीच्या दिशेनं लावलेली असतात. त्यामुळं समोरून वारा असला तरी ते वाऱ्याच्या तोंडाच्या बरंच जवळून पुढं सरकू शकतं. खलाशी कमी लागतात, बूड उथळ असलं की खाडीत शिरता येतं आणि पळ चांगला असतो. म्हणून चोरटा व्यापार करणाऱ्याला ते हवं, गुलामांचा व्यापार करणाऱ्याला हवं, टपाल नेणाऱ्या नौदलाला हवं, आणि प्रायव्हेटिअरला तर हवंच हवं. प्रायव्हेटिअर म्हणजे सरकारी परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं लुटणारं खासगी जहाज. त्या परवान्याला लेटर ऑफ मार्क म्हणत. परवाना असला तर पकडलेला खलाशी युद्धकैदी, नसला तर चाचा. फरक थेट फासाचा होता.

पण ज्या गुणांमुळं ते सगळ्यांना हवं असे, त्यातच त्याची गोची होती. तोफा चार-सहा, फळ्या पातळ, आणि काम मात्र शत्रूच्या किनाऱ्याला चिकटून. वारा पडला किंवा काठी मोडली की फ्रिगेटसारख्या मोठ्या लढाऊ जहाजापुढं निशाण उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि पकडणाराही ते जाळत नसे. स्वतःच वापरायला काढी. म्हणून एकाच स्कूनरवर पाच-सहा वर्षांत तीन-तीन झेंडे चढलेले दिसतात.

कागद कसा आखायचा

मोठा ताव आडवा घ्या. रकाने असे पाडा: तारीख, ती कुठल्या पंचांगाची, ठिकाण, कुणी पकडलं, कुणाकडून, कुठल्या कोर्टात गेलं, निकाल काय, लिलावात कुणी घेतलं, लांबी-रुंदी-खोली, आणि सगळ्यात शेवटी नाव. नावाचा रकाना शेवटी ठेवायला मी मुद्दाम सांगते. जमिनीला गट नंबर असतो. खातेदार मरो, विको, वाटप होवो, गट नंबर जागेवर असतो. ब्रिटिश जहाजांना असे कायमचे अधिकृत नंबर १८५५ पासून मिळाले. त्याआधीच्या जहाजाला गट नंबरच नाही असं समजा. नाव तर मालक बदलला की बदलायचं, आणि एकाच वेळी एकाच नावाची चार जहाजं चार बंदरांत असायची.

प्रत्येक पकड म्हणजे एक ओळ. ती ओळ आधी पेन्सिलीनं लिहायची. तलाठ्यानं नोंद धरली म्हणजे मालकी बदलली असं होत नाही, ती प्रमाणित व्हावी लागते. इथंही तसंच आहे. समुद्रात जहाज पकडलं म्हणजे कबजा मिळाला, मालकी नाही. ते बंदरात आणून प्राइझ कोर्टापुढं, म्हणजे पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणाऱ्या कोर्टापुढं, उभं करायचं, कागद दाखवायचे, साक्षी व्हायच्या, आणि न्यायाधीशानं जप्ती कायम केली की मगच लिलाव. ब्रिटिशांचं मुख्य कोर्ट लंडनला, हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टी; वसाहतींत व्हाइस-ॲडमिरल्टी कोर्टं, म्हणजे हॅलिफॅक्स, जमैका, अँटिग्वा वगैरे. निकाल सापडला की ओळ शाईनं करायची. निकाल सापडत नसेल तर ती पेन्सिलीतच राहू द्या. हा नियम मी कधी मोडत नाही.

एक उतारा पूर्ण काढून दाखवते

यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. हॅलिफॅक्सच्या, म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरची लिव्हरपूल पॅकेट.

पहिली ओळ: ऑगस्ट १८११. ब्रिटिश नौदलाच्या टार्टारस जहाजानं सेव्हर्न नावाची एक छोटी स्कूनर पकडली. आरोप गुलामांच्या व्यापाराचा. हा व्यापार ब्रिटननं १८०७ च्या कायद्यानं बंद केला होता, आणि त्यात सापडलेलं जहाज जप्त होत असे. लक्षात घ्या, ही युद्धातली पकड नाही. अमेरिकेशी युद्ध अजून लागायचं होतं. पकडण्याचं कारण कुठलं, हे प्रत्येक ओळीत लिहाच, कारण कारणावर कायदा बदलतो. हॅलिफॅक्सच्या कोर्टात जप्ती कायम झाली. ओळ शाईनं.

दुसरी ओळ, लिलाव. घेणारा ईनोस कॉलिन्स आणि त्याचे भागीदार. पाचशे पौंडांच्या आत मिळाली. स्वस्त मिळायला कारण होतं. गुलाम कोंबून नेलेल्या जहाजाचा वास जात नसे. आतून व्हिनेगर आणि डांबर मारून, गंधकाची धुरी देऊन ते साफ केलं गेलं, असं सांगतात. या कॉलिन्सनं पुढं १८२५ मध्ये हॅलिफॅक्समध्ये बँक काढली आणि १८७१ मध्ये मेला तेव्हा त्या मुलखातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत त्याची गणना होत होती. पाचशे पौंडांच्या आतल्या दुर्गंधी लाकडाचा त्यात वाटा किती, हा हिशेब कुणीतरी बसून करावा.

नवं नाव लिव्हरपूल पॅकेट. इथं बरेच जण इंग्लंडला पोचतात. हे लिव्हरपूल इंग्लंडमधलं नाही, नोव्हा स्कोशियातलंच छोटं बंदर आहे. पॅकेट म्हणजे टपाल आणि उतारू नेणारं जहाज, आणि सुरुवातीला ते हॅलिफॅक्स ते लिव्हरपूल हेच काम करत होतं. १८ जून १८१२ ला अमेरिकेनं युद्ध पुकारलं. मग परवाना काढला, तोफा चढवल्या, कप्तान जोसेफ बार्स. केप कॉडच्या आसपास दबा धरून बसायचं आणि बॉस्टनकडे ये-जा करणारी जहाजं उचलायची. युद्ध संपेपर्यंत या एका स्कूनरनं पन्नासच्या आसपास जहाजं पकडली. ती पन्नास जहाजं म्हणजे आपल्या तक्त्यातल्या ओळी नव्हेत. ते त्या-त्या जहाजांचे फेरफार. ते वेगळ्या कागदावर.

तिसरी ओळ: ११ जून १८१३. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या टॉमस नावाच्या प्रायव्हेटिअरनं तिला गाठलं. टॉमस मोठं होतं. बार्स पोर्ट्समथच्या तुरुंगात गेला. आता स्कूनर अमेरिकन झाली आणि तिला नाव मिळालं यंग टीझर्स घोस्ट. यंग टीझरचं भूत! यंग टीझर हे दुसरंच अमेरिकन प्रायव्हेटिअर. जून १८१३ च्या अखेरीस महोन बे या खाडीत ब्रिटिशांनी कोंडल्यावर ते स्वतःच्याच दारूगोळ्यानं उडालं. म्हणजे भुताचं नाव जूनच्या अखेरीआधी पडूच शकत नाही. एखाद्या कागदात १५ जूनच्या तारखेला हे नाव दिसलं तर तो कागद नंतर लिहिलेला आहे, असं बेलाशक समजा. नाव असं तारखेच्या कामाला येतं. ओळखीच्या कामाला येत नाही.

काही दिवसांनी भूत गेलं आणि नाव झालं पोर्ट्समथ पॅकेट. अमेरिकन हातात ती चार महिने होती. ज्या जहाजानं बॉस्टनच्या व्यापाऱ्यांची झोप उडवली, त्यानं या चार महिन्यांत एकही जहाज पकडलं नाही. जहाज तेच, शिडं तीच. माणसं बदलली.

चौथी ओळ: ऑक्टोबर १८१३. ब्रिटिश नौदलाच्या फँटोमनं तिचा लांबपर्यंत पाठलाग करून तिला पकडलं. पुन्हा हॅलिफॅक्स, पुन्हा कोर्ट, पुन्हा लिलाव, आणि पुन्हा घेणारा कॉलिन्स. जुनं नाव परत चढलं. नवा कप्तान केलेब सीली, आणि युद्ध संपेपर्यंत पुन्हा तोच धंदा. जाता जाता सांगते, हे फँटोम स्वतःच आधी फ्रेंच प्रायव्हेटिअर होतं. १८१० मध्ये ब्रिटिशांनी पकडलं, आणि नोव्हेंबर १८१४ मध्ये हॅलिफॅक्सजवळच खडकावर आपटून फुटलं. पकडणाऱ्याचाही उतारा काढून बघायची सवय ठेवा. त्यात हमखास काहीतरी निघतं.

कॉलिन्सनं स्वतःचंच जहाज विकत का घेतलं

चौथ्या ओळीवर जरा थांबू, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला इथं खरी गोडी आहे. जहाज कॉलिन्सचं. शत्रूनं नेलं. आपल्या नौदलानं परत आणलं. मग ते मूळ मालकाला परत मिळायला नको?

ब्रिटिश प्राइझ कायद्याप्रमाणं एरवी मिळालं असतं. ब्रिटिश माणसाचं जहाज शत्रूकडून सोडवून आणलं तर ते मालकाला परत द्यायचं, आणि मालकानं सोडवणाऱ्याला किमतीचा हिस्सा द्यायचा: राजाच्या जहाजानं सोडवलं असेल तर एक अष्टमांश, प्रायव्हेटिअरनं सोडवलं असेल तर एक षष्ठांश. या हिश्शाला साल्व्हेज म्हणतात. पण त्यात एक अपवाद होता. शत्रूनं ते जहाज मधल्या काळात लढाऊ जहाज म्हणून सज्ज करून बाहेर काढलं असेल, तर मूळ मालकाचा हक्क संपला. मग ते सरळ शत्रूचं जहाज म्हणून जप्त. आपली स्कूनर अमेरिकन प्रायव्हेटिअर झाली होती, म्हणजे हा अपवाद तिला अगदी चपखल बसतो. म्हणून लिलाव, आणि म्हणून कॉलिन्सला पुन्हा खिशात हात घालावा लागला.

तेव्हा पुनःपकड दिसली की हा प्रश्न पहिला विचारा: मधल्या काळात शत्रूनं तिच्यावर तोफा चढवून तिला लढायला काढलं होतं का? नसेल तर बहुधा साल्व्हेज देऊन मालकी जुन्याकडेच राहिली, आणि तुम्ही नव्या मालकाचं नाव उगाच शोधत बसाल. असेल तर साखळी तुटली, नवा खातेदार शोधा. फ्रेंचांची रीत वेगळी. त्यांच्या १६८१ च्या फर्मानात चोवीस तासांचा हिशेब होता: शत्रूच्या ताब्यात जहाज चोवीस तासांच्या वर राहिलं की मूळ मालकाचा हक्क गेला. त्यामुळं पकडीचा दिवसच नव्हे, तासही टिपून ठेवा.

हॅलिफॅक्सच्या त्या कोर्टाचे न्यायाधीश होते अलेक्झांडर क्रोक. त्यांचे निकाल वाचायला मजा येते. याच युद्धात पकडलेल्या एका अमेरिकन जहाजावर फिलाडेल्फियाच्या कला अकादमीसाठी इटलीहून निघालेली चित्रं होती. क्रोकसाहेबांनी १८१३ मध्ये ती परत करायला लावली. कला ही साऱ्या मानवजातीची, तिला शत्रू नसतो, असं काहीसं त्यांचं म्हणणं. गुलामांच्या जहाजाला आणि इटालियन चित्रांना एकाच टेबलावरून निकाल मिळालेला बघितला की कागद सोडवत नाही.

तारखांची भानगड

जहाजाच्या लॉगमधला, म्हणजे रोजच्या नोंदवहीतला, दिवस मध्यरात्रीला सुरू होत नसे. दुपारी बाराला, सूर्य डोक्यावर आल्यावर होई, आणि तोही आपल्या तारखेच्या बारा तास आधी. म्हणजे आपल्या ७ जुलैच्या दुपारी घडलेली गोष्ट लॉगमध्ये ८ जुलै म्हणून लिहिलेली असते, आणि त्या पानावर दुपार-संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर. ब्रिटिश नौदलानं ही पद्धत १८०५ मध्ये सोडली. त्याआधीच्या दोन कागदांत एका दिवसाचा फरक दिसला तर घाईनं कुणाला खोटं ठरवू नका.

फ्रेंच कागदांत क्रांतीचं पंचांग येतं. वर्ष २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजायचं, महिने तीस दिवसांचे. २० नोव्हेंबर १७९८ म्हणजे ब्रुमेअर महिन्याची ३० तारीख, वर्ष सातवं. १८०५ अखेरपर्यंत हे चाललं. आणि १७०० ते १७५२ मधला इंग्रजी कागद असेल तर अकरा दिवस पुढं-मागं, शिवाय वर्षाची सुरुवात २५ मार्चला. ज्यांनी सुहूर सन, फसली आणि शके एकाच रुमालात बघितलेत, त्यांना याची धडकी भरायचं कारण नाही. पंचांगाचा रकाना मी वर उगाच पाडायला सांगितलेला नाही.

टनांवर भुलू नका, फूट बघा

दोन कागदांतली स्कूनर एकच आहे का, हे ठरवायला जहाजाची चतुःसीमा म्हणजे तिची लांबी, रुंदी आणि खोली. लोक मात्र टन बघतात आणि "हे ८५ टनी, ते ६५ टनी, म्हणजे वेगळं" म्हणून सोडून देतात.

त्या काळचे टन हे वजन नव्हतं, हिशेब होता, आणि दोन देशांचा हिशेब वेगळा. ब्रिटिश रीत: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करा, त्याला रुंदीनं गुणा, परत अर्ध्या रुंदीनं गुणा, ९४ नं भागा. अमेरिकन रीतीत एकमजली जहाजाला अर्ध्या रुंदीऐवजी खरी खोली घ्यायची आणि ९५ नं भागायचं. समजायला सोपं म्हणून ६० फूट लांब, १८ फूट रुंद, ७ फूट खोल अशी स्कूनर मनात धरा. ६० वजा १०.८ म्हणजे ४९.२. गुणिले १८ म्हणजे ८८५.६. ब्रिटिश हिशेबानं त्याला ९ नं गुणून ९४ नं भागलं तर ८४.८ टन. अमेरिकन हिशेबानं ७ नं गुणून ९५ नं भागलं तर ६५.३. जहाज एकच, फळीही हललेली नाही, आणि वीस टन गायब! लबाडीचं काही नाही, मोजणारा बदलला. म्हणून शक्य तिथं फूट-इंच मिळवा आणि टन स्वतः काढून बघा.

डोलकाठ्यांवरही फार विसंबू नका. नव्या मालकानं स्कूनरची ब्रिग करून टाकली, म्हणजे शिडांची ठेवण बदलली, असं सर्रास होई. तोफा तर हव्या तशा चढवत-उतरवत.

दोन्ही बाजूंची पत्रं

पकडणारा नेहमी समोरच्याला मोठा करून सांगतो, कारण बक्षिसाची रक्कम आणि अब्रू दोन्ही त्यावर अवलंबून. पकडला गेलेलाही समोरच्याला मोठाच करून सांगतो, कारण त्याला शरण येण्याची सफाई द्यायची असते. सरळ खोटं बोलल्यामुळं जहाजं वाचली असंही घडलंय.

ला क्रोयाब्ल ही फ्रेंच प्रायव्हेटिअर स्कूनर. अमेरिका-फ्रान्स झटापटीत, ७ जुलै १७९८ ला, न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या डेलावेअर जहाजानं तिला पकडलं. कप्तान स्टीफन डिकेटर, थोरला. अमेरिकेच्या त्या नव्या नौदलाची ही पहिली शिकार. तिचं नाव झालं रिटॅलिएशन, आणि तिच्यावर विल्यम बेनब्रिज या लेफ्टनंटला नेमलं. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला वेस्ट इंडिजमध्ये लँसर्जांत आणि व्होलोंतेर या दोन फ्रेंच फ्रिगेटनी तिला घेरलं. बेनब्रिजनं निशाण उतरवलं. पण लांबवर त्याचे दोन सोबती, माँटेझुमा आणि नॉर्फक, निसटायच्या खटपटीत होते. फ्रेंच कप्तानानं त्यांची ताकद विचारली. बेनब्रिजनं ती एवढी फुगवून सांगितली, की फ्रेंचांनी पाठलाग सोडला. आता त्या दिवसाचा फ्रेंच कागद वाचून कुणी माँटेझुमावरच्या तोफा मोजल्या तर आकडा बेनब्रिजच्या थापेचा येणार.

फ्रेंचांनी स्कूनरचं नाव मॅजिसिएन ठेवलं. २८ जून १७९९ ला अमेरिकेच्या मेरिमॅकनं तिला पुन्हा पकडलं. वर्षभरात तीन पकडी, आणि त्याच वर्षी पुढं ती विकून टाकली. आणि ती लँसर्जांत? तिला अमेरिकनांनी त्याआधीच, फेब्रुवारी १७९९ मध्ये पकडलं होतं.

हा बेनब्रिज सोडू नका. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ यानंच कॉन्स्टिट्यूशन जहाजावरून ब्रिटिश फ्रिगेट जावा हरवली. ती जावा मुंबईला निघाली होती, आणि तिच्यावर मुंबईला नेमणूक झालेले जनरल टॉमस हिस्लॉप होते. ते कैद झाले, मग पॅरोलवर सुटले. पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ ला, महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर जो इंग्रज सेनापती उभा होता, तो हाच हिस्लॉप.

कागद मिळतात कुठं

घरबसल्या बरंच होतं. लंडन गॅझेटमध्ये नौदलाच्या कप्तानांची पत्रं छापून येत. ते फुकट शोधता येतं. लॉइड्स लिस्ट या व्यापारी वर्तमानपत्रात कुठलं जहाज कुठं पकडून नेलं याच्या एका ओळीच्या बातम्या असतात, आणि पहिला धागा बहुतेक वेळा तिथंच सापडतो. अमेरिका-फ्रान्स झटापटीचे नौदलाचे कागद अमेरिकन सरकारनं १९३५ ते १९३८ मध्ये सात खंडांत छापले, तेही वाचायला मिळतात. हॅलिफॅक्स कोर्टाच्या फायली कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मूळ इंग्रजी फायली लंडनजवळ क्यू इथं: एचसीए या मथळ्याखाली प्राइझ कोर्टाचं दप्तर, एडीएम खाली नौदलाचे लॉग आणि पत्रव्यवहार. पकडलेल्या जहाजांवरची न उघडलेली पत्रंसुद्धा तिथं आहेत, आणि जर्मनीतलं ओल्डनबुर्ग विद्यापीठ त्यांच्या प्रतिमा चढवतंय.

शोधताना एक खुबी. १८०० च्या आधीच्या छापील इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस बराचसा एफसारखा दिसतो, आणि यंत्र तो एफच वाचतं. स्कूनर हा शब्द एस घालून मिळाला नाही तर पहिलं अक्षर एफ करून बघा. पानावर डोळे आणून बघितलं तर त्या अक्षराची मधली आडवी रेघ एकाच बाजूला, तीही अर्धी, दिसते. खऱ्या एफची आरपार जाते.

इथं कोल्हापुरात इंग्रजी प्राइझ कोर्टाचे कागद मिळायचे नाहीत. पण १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आणि विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहे, आणि दरबारच्या दप्तरासाठी पुरालेखागार. मोडी येत असेल तर तुमच्यासारखा भाग्यवान कोण. समुद्राची आठवण म्हणून टाउन हॉल म्युझियममध्ये पाय वळवा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी!

आपल्या समुद्रावर ही रीत कुठं अडते

आंग्रे आणि मालवणच्या आरमारानं पकडलेल्या जहाजांवर हा तक्ता लावून बघितला की कोर्टाचा रकाना रिकामा राहतो. आपल्याकडं रीत दस्तकाची, म्हणजे परवान्याची. आमच्या समुद्रातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, नसेल तर गलबत जप्त. इंग्रजांनी ती सत्ता मानलीच नाही. म्हणून त्यांच्या वहीत तीच जप्ती चाचेगिरी म्हणून पडते. एकाच जहाजाच्या दोन वह्यांत दोन उलट नोंदी. मी अशा वेळी दोन ओळी घालते, एकाखाली एक, आणि दोन्हींसमोर वही कुणाची ते लिहिते.

फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांनी तोफा डागल्या, तेव्हा तुळाजी आंग्रेंच्या आरमारात रिस्टोरेशन नावाचं जहाज होतं. ते स्कूनर नव्हे, मोठं जहाज, आणि मूळ इंग्रज कंपनीचंच. आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी घेतलेलं. गोळा त्याच्यावरच पडला, आग लागली, आणि एकमेकांना बांधलेलं सगळं आरमार त्यात गेलं. त्याची पुनःपकड झाली का? नाही, ते जळालं. ती ओळ तिथंच संपते. नऊ वर्षांनी, १७६५ मध्ये, कोल्हापूरच्या ताब्यातला सिंधुदुर्ग इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस म्हणायला लागले. पुढं तो परत मिळाला. म्हणजे नाव बदलायची खोड किल्ल्यांनाही लावली होती. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहात करवीरकरांनी मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांना दिले. त्याच शरद ऋतूत तिकडं लिव्हरपूल पॅकेट पहिल्या शिकारी आणत होती.

सरावाला एक देते

व्हाइटिंग. ब्रिटिश नौदलाची चार तोफांची स्कूनर, १८०५ ची, बर्म्युडात बांधलेली. जुलै १८१२ मध्ये सरकारी टपाल घेऊन अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला पोचली. युद्ध पुकारलं गेलंय हे तिच्या कप्तानाला ठाऊकच नव्हतं. डॅश नावाच्या अमेरिकन प्रायव्हेटिअरनं तिला पकडलं. अमेरिकन सरकारनं ती सोडून द्यायला लावली. २२ ऑगस्टला फ्रेंच प्रायव्हेटिअर दिलिजांतनं तिला परत पकडलं.

ताव आखा, दोन्ही ओळी लिहा, आणि डॅशची ओळ शाईनं करायची की पेन्सिलीतच ठेवायची ते कारणासकट समासात मांडा. मग दिलिजांतचा उतारा काढायला घ्या.